पेपर टाकण्याआधी

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, बाणेर इथल्या कंपन्यांत काम करणाऱ्या अनेकांच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये मागच्या पानांवर एक अट असते: नोकरी सोडल्यावर सहा महिने किंवा वर्षभर स्पर्धक कंपनीत काम करायचं नाही. जॉइनिंगच्या दिवशी ती कुणी वाचत नाही. त्या दिवशी लॅपटॉप घ्यायचा असतो, पीएफचे फॉर्म भरायचे असतात, टीमला भेटायचं असतं. ती पहिल्यांदा नीट वाचली जाते पेपर टाकायच्या, म्हणजे राजीनामा द्यायच्या, आदल्या रात्री, आणि मग झोप उडते. या अटीबद्दल विचारायला तरुण सहकाऱ्यांचे मला अजूनही फोन येतात. त्यांना जे सांगतो तेच इथे जरा सविस्तर लिहितो आहे.

मी तेव्हा पुण्यातल्या एका प्रॉडक्ट कंपनीत डेटा साठवणीच्या सॉफ्टवेअरवर काम करत होतो. दुसरीकडून ऑफर आली. काम त्याच धर्तीचं, पगार बरा, आणि जे मला शिकायचं होतं ते तिथे शिकायला मिळणार होतं. रीतसर राजीनामा दिला, नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड पूर्ण केला, सगळी केटी दिली, म्हणजे कामाची माहिती पुढच्या माणसाला समजावून दिली, लॅपटॉप जमा केला. मग घरी वकिलाची नोटीस आली: बारा महिने कुठल्याही स्पर्धक कंपनीत काम केलंत तर मनाई हुकूम मागू आणि नुकसानभरपाई वसूल करू. तिची एक प्रत थेट माझ्या नव्या कंपनीलाही गेली होती.

वाकडच्या फ्लॅटचा हप्ता चालू होता, मुलगी नुकतीच शाळेत जायला लागली होती. नात्यातले एक काका शिवाजीनगर कोर्टात वकिली करायचे. त्यांच्याकडे कागद घेऊन गेलो. त्यांनी दोन पानं वाचली आणि म्हणाले, "अरे, कलम 27 पुढे हे टिकत नाही. तू खुशाल जॉइन हो." त्यांनी उत्तरही पाठवलं. कायद्याच्या बाजूने प्रश्न तिथेच संपायला हवा होता. पण नव्या कंपनीच्या एचआरचा फोन आला, "आमचं लीगल बघतंय, जॉइनिंग थोडं पुढे ढकलू या." पुढे ढकलता ढकलता ती जागा दुसऱ्याने भरली. माझ्यावर दावा कधी दाखल झालाच नाही. कोर्टाची पायरी न चढता त्या अटीने आपलं काम करून घेतलं होतं. ही अट कर्मचाऱ्याला घाबरवते हे सगळ्यांना दिसतं. त्याला घेणाऱ्या कंपनीला ती त्याहून जास्त घाबरवते, हे मला तेव्हा कळलं.

काका ज्या कलमाबद्दल बोलत होते ते भारतीय करार कायदा, 1872 मधलं. कुणालाही कायदेशीर व्यवसाय, धंदा किंवा पेशा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो, असं ते सांगतं. त्याला अपवाद एकच, आणि तो धंद्याचं नाव आणि पत, म्हणजे गुडविल, विकणाऱ्याला लागू होतो. पगारदाराशी त्याचा संबंध नाही. या कलमाचा उगम मला फार महत्त्वाचा वाटतो. न्यूयॉर्कचे वकील डेव्हिड डडली फील्ड यांनी दिवाणी कायद्याच्या संहितेचा एक मसुदा केला होता. आपल्या कलम 27 चे शब्द त्यावरून घेतले आहेत. त्याच मसुद्यावरून त्याच 1872 साली कॅलिफोर्नियाने आपली दिवाणी संहिता केली आणि हीच तरतूद तिच्यात घातली. म्हणजे सिलिकॉन व्हॅलीत आज एका कंपनीतून उठून समोरच्या इमारतीत जाऊन बसायची जी मोकळीक आहे, ती कागदावर पुण्यातल्या इंजिनिअरला दीडशे वर्षांपासून आहे.

तिकडे या मोकळिकीचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. 1957 मध्ये शॉकली यांची प्रयोगशाळा सोडून आठ जण बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर काढली. 1968 मध्ये फेअरचाइल्डमधून नॉइस आणि मूर बाहेर पडले आणि त्यांनी इंटेल काढली. बोस्टनजवळच्या रूट 128 पट्ट्यातही तेवढीच हुशार माणसं होती, एमआयटीसारखी संस्था शेजारी होती, तरी तो पट्टा मागे पडला. अ‍ॅनाली सॅक्सेनियन यांनी 1994 मध्ये या दोन भागांची तुलना करणारं पुस्तक लिहिलं आणि दोन्हीकडच्या काम करायच्या पद्धतींवर बोट ठेवलं. 1999 मध्ये रोनाल्ड गिल्सन यांनी त्यात कायद्याचा मुद्दा आणला: मॅसॅच्युसेट्समध्ये स्पर्धाबंदीची अट कोर्टात चालत होती, कॅलिफोर्नियात नव्हती. कारण एवढं एकच नाही, हे मान्य. पण मॅसॅच्युसेट्सनेच 2018 मध्ये कायदा करून ही बंदी जास्तीत जास्त एक वर्षावर आणली, हेही लक्षात घ्यायला हवं.

पुण्याचंही तेच. टीसीएसचं संशोधन केंद्र इथे 1981 मध्ये आलं, सी-डॅक 1988 मध्ये, आणि 1990 मध्ये आनंद देशपांडे यांनी पर्सिस्टंट ही सॉफ्टवेअर कंपनी सुरू केली. पुढे व्हेरिटाससारख्या कंपन्यांची मोठी केंद्रं इथे आली आणि शेकडो मुलं डेटा साठवणूक आणि बॅकअप या विषयात तयार झाली. 2008 मध्ये पुण्यात याच विषयातली ड्रुवा ही कंपनी सुरू झाली, तिचे तिन्ही संस्थापक व्हेरिटासमध्ये काम केलेले. ती माणसं बारा महिने घरी बसली असती तर शहराचं काय गेलं असतं, याचा हिशेब कुणी मांडत नाही, आणि मला तो मांडावासा वाटतो. एका कंपनीत शिकलेलं कौशल्य माणसाबरोबर दुसरीकडे जातं, म्हणून तर पुढच्या कंपनीला इथे यावंसं वाटतं.

आता कोर्टांनी काय म्हटलंय ते सांगतो, कारण फोन करणाऱ्यांना इथेच सगळ्यात जास्त गैरसमज असतात. 1980 मध्ये सुपरिंटेंडन्स कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोकरीनंतरची स्पर्धाबंदी लागू करायला नकार दिला. 2006 मध्ये श्रीरामपूरच्या झहीर खानचं प्रकरण आलं. त्याचा जाहिरातींचा करार संपला होता, पण पुढचा करार करताना आधी आम्हाला विचारायचं अशी अट जुन्या एजन्सीने घातली होती. करार संपल्यावर ही अट चालत नाही, असं न्यायालय म्हणालं. क्रिकेटपटूला जे लागू, तेच तुम्हा-आम्हाला. मुंबई उच्च न्यायालयाने व्हीएफएस या कंपनीच्या प्रकरणात तर नोकरी सुटल्यावर तीन महिने पगार देऊन घरी बसवण्याची अटही व्यवसायाला आडकाठी ठरवली. पगार देतोय म्हणजे रोखायचा हक्क मिळाला, असं होत नाही. जून 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या प्रकरणात नोकरीनंतरची स्पर्धाबंदी चालत नाही, हेच पुन्हा सांगितलं.

पण नोकरी चालू असताना गोष्ट पूर्ण वेगळी आहे, आणि कित्येकांचा पाय इथे घसरतो. 1967 चा निरंजन शंकर गोलीकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग हा खटला आपल्या कल्याणचा. टायर कॉर्डच्या कारखान्यातल्या शिफ्ट सुपरवायझरने पाच वर्षांचा करार केला होता. तंत्रज्ञान हॉलंडच्या कंपनीचं, गुप्ततेच्या अटीवर आलेलं. तो मुदतीआधीच नोकरी सोडून राजस्थानातल्या स्पर्धक कारखान्यात गेला. सर्वोच्च न्यायालयाने कराराच्या उरलेल्या मुदतीपुरती त्याच्यावरची बंदी कायम ठेवली. यातून घ्यायचं ते असं की लास्ट वर्किंग डेपर्यंत तुम्ही जुन्या कंपनीचे आहात. नोटीस पिरियडमध्ये नव्या कंपनीच्या स्टँडअप कॉलला "नुसतं ऐकायला" बसणं, त्यांच्या रेपोत एखादी दुरुस्ती करून देणं, हे अजिबात करू नका. नवा मॅनेजर आग्रह करेल, तरी नाही म्हणा.

दुसरी गोष्ट बॉण्डची. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षं पूर्ण न करता गेल्यास 2 लाख रुपये भरायची अट वैध धरली. सरकारी बँकेची भरती प्रक्रिया लांबलचक आणि खर्चिक असते, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा होता. तेव्हा "बॉण्डला काही अर्थ नसतो" हे कॉलेजच्या कट्ट्यावरचं वाक्य विसरा. फ्रेशर म्हणून बॉण्डवर सही करताना रक्कम, मुदत आणि प्रशिक्षण नक्की कुठलं, हे लेखी मागा. त्याच करार कायद्याचं कलम 74 वाजवी भरपाईच द्यायला लावतं. कागदावर छापलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते, पूर्ण आकडा आपोआप देणं लागत नाही. पण वाजवी किती ते ठरवायला तुमच्याकडे कागद हवेत.

आणि तिसरी गोष्ट गुपितांची. डोक्यातलं कौशल्य तुमचं, कंपनीचा सोर्स कोड, ग्राहकांची यादी, दरपत्रक कंपनीचं. गुप्ततेची अट नोकरीनंतरही चालते. माझ्या ओळखीतल्या एकाने शेवटच्या आठवड्यात "आपलंच तर काम आहे" म्हणून स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्ट वैयक्तिक ईमेलवर पाठवल्या. त्याच्या बाजूने बोलायला नंतर कलम 27 आलं नाही. स्वतःला एक ओळसुद्धा मेल करू नका. कंपनीच्या मशीनवरचे घरचे फोटोसुद्धा एचआरला लेखी विचारून घ्या.

कायदा असा बऱ्यापैकी स्पष्ट असूनही पुण्यातली माणसं अडकतात ती दोन साध्या गोष्टींत: नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड आणि रिलीव्हिंग लेटर. नोकरीच्या जाहिरातीत "इमिजिएट जॉइनर" हवा असतो आणि त्याच कंपनीच्या स्वतःच्या करारात नव्वद दिवस लिहिलेले असतात. मला यात मोठा अन्याय दिसतो. म्हणून ऑफर स्वीकारण्याआधीच बायआउट कोण भरणार, हे नव्या कंपनीकडून मेलवर घ्या. जुन्या करारात पैसे भरून लवकर सुटायची सोय दोघांच्या मर्जीवर आहे की फक्त कंपनीच्या, ते शब्दन्‌शब्द वाचा. राजीनामा मेलवर द्या, तोंडी नाही, आणि तो स्वीकारल्याचं उत्तर जपून ठेवा. केटीच्या प्रत्येक सत्राची तारीख आणि हजर माणसं लिहून मॅनेजरला मेल करा. पुढे "हँडओव्हर अपुरा" म्हणून लेटर अडवलं तर हीच मेल कामाला येते. पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16, अपॉइंटमेंट लेटर आधीच आपल्याकडे घ्या, पण धोरणात बसत असेल तेवढंच. पीएफसाठी जुन्या कंपनीच्या पाया पडायची गरज नाही, शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी नोकरी सोडल्याची तारीख यूएएनच्या पोर्टलवर स्वतःला नोंदवता येते. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत पगार चुकता करायची तरतूद आहे, ती एचआरला नम्रपणे दाखवा.

आपण एकटे पडू असं वाटत असेल तर एक आठवण करून देतो. 2022 च्या एप्रिलमध्ये इन्फोसिसच्या ऑफर लेटरमधल्या अशाच अटीविरुद्ध पुण्यातल्या 'नाइट्स' या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार केली. ही अट माहितीची गुप्तता आणि ग्राहकांशी असलेले संबंध जपण्यासाठी आहे, असं कंपनीचं म्हणणं होतं. पण मंत्रालयाने कंपनीला चर्चेला बोलावलं, आणि मागच्या पानांवरची ती अट पहिल्यांदाच उघडपणे देशभर वाचली गेली. एवढं झालं तरी पुष्कळ झालं.

अशी नोटीस आलीच तर उत्तर द्या, गप्प बसू नका. उत्तर वकिलाकडून, एका पानाचं: मी गुप्ततेची अट पाळतो आहे, कंपनीची कुठलीही फाइल माझ्याकडे नाही, कलम 27 प्रमाणे स्पर्धाबंदी लागू होत नाही. आणि तीच प्रत त्याच दिवशी नव्या कंपनीच्या एचआरला स्वतःहून पाठवा, त्यांचा फोन येण्याची वाट पाहू नका. माझ्या बाबतीत त्यांच्या टेबलावर फक्त समोरच्या वकिलाचा कागद होता.

आज मी दुसऱ्या बाजूलाही बसतो, माणसं घेतो. पुण्यात माझ्यासारखे शेकडो जण आता त्या खुर्चीत आहेत, त्यांना माझी मनापासून विनंती आहे. उमेदवाराच्या मागे असा कागद आला तर त्याला बोलावून दोन गोष्टी विचारा: सोबत काय आणलंस, आणि बॉण्ड आहे का. उत्तरं स्वच्छ असतील तर तुमच्या लीगलला दोन दिवस द्या आणि तिसऱ्या दिवशी त्याला लॅपटॉप द्या.