नाद एक, जाती अनेक

वीणेची तार छेडली की ती थरथरते; ती थरथर हवेतून कानी येते, तोच नाद. थरथर जितकी जलद, तितका नाद उंच. षड्ज सेकंदाला 240 कंपनांचा धरला, तर तारषड्ज 480 चा. मग वीणा, पेटी आणि गळा एकाच षड्जात असूनही निरनिराळे कसे ओळखू येतात? मूळ नादासवे दुप्पट, तिप्पट कंपनांचे उपनादही उमटतात. त्यांचे प्रमाण ज्याचे त्याचे वेगळे. हीच नादाची जाती.

आता आपल्या कामाचे. तरुण कान सुमारे 20 ते 20,000 कंपनांपर्यंत ऐकतो; वय होता उंच नाद आधी जातात. अ, आ, ओ हे खालच्या नादात भरतात. स, श, त ही व्यंजने उंच नादावर ओळखू येतात. म्हणून म्हाताऱ्या माणसाला चाल कळते, शब्द निसटतो. त्यात टाळांचा झणत्कार व्यंजने झाकतो.

परवा एक आजोबा म्हणाले, "बुवा, गाणं ऐकलं, अर्थ राहिला." चूक त्यांची नव्हे, माझी. ओरडल्याने 'आ' वाढतो, 'स' नव्हे. तेव्हा निरूपणात टाळ थांबवावेत, अक्षर सावकाश आणि स्वच्छ टाकावे. माझेही कान आता साठीपलीकडचे आहेत.