सोबत्याच्या घरचा पाळणा

मागे अकोल्यास कीर्तन आटोपल्यावर एक माळकरी गृहस्थ मंडपात थांबून राहिले. एका कचेरीत कारकून आहेत, पन्नाशीला आलेले, एकादशी कधी न चुकविणारे. त्यांनी विचारलेला प्रश्न आजच्या पाठासाठी घेतला आहे. नोकरी करणाऱ्या पुष्कळ वारकऱ्यांच्या मनात तो असेल, फक्त कोणी बोलून दाखवीत नाही.

त्यांच्या कचेरीत एका वर्षात तीन पाळणे हलले. एका बाईंनी जातीबाहेर लग्न केलेले. माहेर तुटले, सासर उंबऱ्यावर येऊ देत नाही. दुसऱ्या बाईंना दोन मुलींवर तिसरे मूल, मुलगा व्हावा म्हणून. आणि झाली मुलगीच. तिसरा सोबती पुरुष. त्याच्या बायकोचे दिवस भरले नव्हते, लेकरू काचेच्या पेटीत ठेवावे लागले; ते जगले म्हणून त्याने नवसाचा बोकड कापला आणि जेवणाला दारूही ठेवली. या तिघांच्याही टेबलांचे काम फिरत फिरत आमच्या माळकऱ्याकडे आले, वर बारशाच्या वर्गणीची वही. ते म्हणाले, "महाराज, आमी वारीले निघालो का साहेब सुटीसाठी तोंड वाकडं करते. अन् त्याईचं वागणं आपल्याले पटत नाही, तरी त्याईच्या लेकराईपायी आमी काहून राबावं?"

मी विचारले, "लेकरांची नावे काय ठेवली?" ते गप्प झाले. नावे त्यांना ठाऊक नव्हती.

आता आपल्या घरातलीच गोष्ट घ्या. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, गुरूंच्या आज्ञेने ते परत गृहस्थाश्रमात आले, आणि आळंदीच्या शास्त्रीमंडळींनी त्यांना वाळीत टाकले. त्या काळच्या आचाराप्रमाणे ती मंडळी वावगे वागली असे त्यांना स्वतःला वाटले नसेल. ग्रंथ त्यांच्या बाजूला होता. पण वाळीत कोण पडले? विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई तर पडलेच. पण त्यांच्या पदरी निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही चार लेकरे होती. ज्ञानदेवांचा जन्म परंपरेने शके 1197 चा, म्हणजे इसवी सन 1275 चा धरतात. या लेकरांना गाव 'संन्याशाची पोरे' म्हणे. मुक्ताईला मांडे भाजायला खापर मिळू नये म्हणून विसोबाने कुंभारांना दटावले, ही कथा आपण कीर्तनात रंगवून सांगतो, श्रोते हळहळतात. मला प्रत्येक वेळी वाटते, रुक्मिणीबाईंच्या बाळंतपणात एखादी शेजारीण दाराशी वाटीभर तूप ठेवून गेली असेल काय? गेली असली तर तिचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. विसोबांचे मात्र पुढे पाहा: तेच विसोबा खेचर ज्ञानदेवांच्या मंडळीत आले आणि नामदेवरायांचे गुरू झाले.

तेव्हा आईबापांच्या वागण्याचा निकाल लागेपर्यंत लेकराकडे पाहायचे नाही, असे म्हणणारा माळकरी आळंदीतल्या कोणत्या ओळीत बसतो, हे त्याने आपले आपण पाहावे. नाथमहाराजांनी गोदावरीच्या तापलेल्या वाळूत रडणारे अस्पृश्याचे पोर कडेवर घेतले, तेव्हा त्याचे आईबाप काय खातात हे विचारत बसले नाहीत. पोराचे पाय भाजत होते.

कोणी म्हणेल, म्हणजे बोकड चालला, दारू चालली, सगळेच चालले काय? नाही. इथे आपल्या वऱ्हाडातलाच दाखला आहे. गाडगेबाबांचा जन्म 1876 चा, अमरावती जिल्ह्यातील शेणगावचा. बालपण मूर्तिजापूरकडच्या दापुऱ्यास मामाकडे गेले. 1905 साली त्यांनी घर सोडले. त्याआधीची गोष्ट. पहिल्या मुलीचे बारसे होते. जातीची चाल अशी की बारशाला मटण आणि दारू हवीच. डेबूजीने ती चाल मोडली आणि पंगतीला गोडाचे जेवण वाढले. भाऊबंद रुसले, पण हा ढळला नाही. यात ध्यानात घेण्याजोगे असे की त्याने चाल मोडली ती स्वतःच्या घरच्या पंगतीत, आणि ज्यांची चाल पटत नव्हती त्यांनाच बोलावून जेवू घातले.

म्हणून त्या गृहस्थांना मी सांगितले, बोकडाच्या पंगतीला बसू नका, दारूसाठी पैसा देऊ नका, तसे तोंडावर सांगा. वर्गणीऐवजी झबले-टोपडे न्या, कुंची शिवून न्या, बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू न्या. बारसे होऊन चार दिवस गेल्यावर गेलात तरी पाळणा तिथेच असतो. आणि हेही सांगितले की त्या सोबत्याला तुमची खरी गरज होती ती बोकड कापायच्या आधी, लेकरू पेटीत होते तेव्हा. अकोल्याच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला लोक अजून लेडी हार्डिंगच म्हणतात, अमरावतीचे ते डफरीन. त्या आवारात रात्र काढणारे बाप कोणीही पाहावेत. खिशात औषधाची चिठ्ठी, आणि मनात उद्याची हजेरी.

हजेरीवरून आठवले. दुसऱ्याच्या नावाची खोटी सही मात्र करू नये. मदत म्हणजे लबाडी नव्हे. काम करावे, सही आपलीच करावी.

कायद्याचे थोडे. प्रसूतिलाभाचा मूळ कायदा 1961 चा. 2017 च्या दुरुस्तीने पगारी रजा बारा आठवड्यांची सव्वीस झाली. पण आधीची दोन मुले असतील तर बाराच. बापाच्या रजेचा त्या कायद्यात शब्दच नव्हता. लेकरू पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला कामाच्या वेळात दोनदा पाजायला सवड द्यावी, असेही त्यात घातले. आता पाहा, तिसऱ्या मुलीच्या आईला जी शिक्षा व्हायची ती सरकारने रजा निम्म्याहून खाली आणून केलीच आहे. वर आपण कचेरीत दुसरे न्यायालय कशाला मांडावे? मुलाचा हट्ट तिचा होता की सासूचा, हेही आपणांस ठाऊक नसते. तीन महिन्यांचे लेकरू घरी ठेवून ती वैशाखात कामावर येते. अकोल्याचा वैशाख कसा असतो तो वऱ्हाडकरांना सांगायला नको. ती पाजायला गेली तेवढा वेळ खिडकीवरची रांग कोणी सांभाळावी, हे कायद्यात लिहिलेले नाही. ते शेजारच्या टेबलावरच ठरते.

राहिली वारीची सुटी. हे गाऱ्हाणे खरे आहे, मी ते हलके मानीत नाही. पण आषाढात आपण पंढरीच्या वाटेला लागतो तेव्हा आपल्या फायली कोण उचलतो? ज्यांना विठ्ठलाचे काही घेणे नाही असेही कोणी उचलीत असतील. मी त्यांना हे विचारले, तेव्हा हसून म्हणाले, "मागच्या साली त्या जातीबाहेर लग्नवाल्या बाईनंच केलं."

त्यांचे पत्र आले आहे. त्या बाईंकडे ते मंडळींना घेऊन गेले. आता घरून आठवड्यातून दोनदा डबा जातो. तिसऱ्या मुलीच्या आईची खिडकी ते दुपारी सांभाळतात. बोकडवाल्याशी मात्र चांगलीच बोलाचाली झाली आणि अजून अबोला आहे. त्याच्या फायली तेवढ्या उचलल्या. पत्राच्या खाली तिन्ही लेकरांची नावे लिहिली आहेत. तिसरे, म्हणतात, शिपायाला विचारून घेतले.