अर्जापुरते छायाचित्र : मोफत साधने व त्यांचा उपयोग

नोकरी, शिष्यवृत्ती वा प्रवेश यांसाठीचे अर्ज आता बहुतांशी संगणकावरून भरावे लागतात. कागदी अर्जावर छायाचित्र डकविण्यास थोडी खळ पुरे होत असे. संगणकीय अर्ज मात्र छायाचित्र मोजून घेतो आणि माप चुकले तर पुढे सरकत नाही. किनवट-माहूरच्या डोंगरपट्ट्यातील अथवा लातूर जिल्ह्यातील एखाद्या वाडीवरील उमेदवाराला अशा वेळी तालुक्याच्या गावी धाव घ्यावी लागते. दिवसाची मजुरी बुडते, एस.टी.चे भाडे पडते आणि तो मुदतीचा अखेरचा दिवस असेल तर संधीही हुकते. वास्तविक हे काम गावच्या शाळेतील वा ग्रामपंचायतीतील संगणकावर विनामूल्य होऊ शकते. ते कसे करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन वेगळी मापे

संगणकावरील छायाचित्र असंख्य बारीक चौकोनी ठिपक्यांचे बनलेले असते. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. छायाचित्राची लांबी-रुंदी पिक्सेलमध्ये मोजतात, तर ते साठविण्यास लागणारी जागा के.बी.मध्ये मोजतात. ही दोन मापे भिन्न आहेत, हे ध्यानात न घेतल्यामुळेच पुष्कळ गोंधळ होतो.

ग्रामीण बँकांतील पदांच्या भरतीचे उदाहरण घेऊ. ही परीक्षा आयबीपीएस ही संस्था घेते. तिच्या अलीकडच्या सूचनांत छायाचित्र २०० × २३० पिक्सेल व २० ते ५० के.बी., तर सही १४० × ६० पिक्सेल व १० ते २० के.बी. असे माप दिलेले आढळते. उलटपक्षी, साध्या मोबाइलने काढलेले उभे छायाचित्र पुष्कळदा ३००० × ४००० पिक्सेलचे, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपक्यांचे असते. अर्जाला त्यांतील केवळ ४६ हजार ठिपके हवे असतात.

आधी कातरणे, मग आकार

मूळ छायाचित्र तसेच दाबून २०० × २३० मध्ये बसविले, तर उंची रुंदीपेक्षा अधिक आक्रसते आणि चेहरा प्रमाणापेक्षा सुमारे १६ टक्के रुंद दिसतो. असे छायाचित्र परीक्षा केंद्रावर ओळख पटविताना अडचणीचे ठरू शकते. म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा आहे.

पहिली पायरी कातरण्याची, म्हणजे क्रॉपची. चेहरा व खांदे येतील असा १५०० × १७२५ पिक्सेलचा भाग निवडावा. या दोन आकड्यांचे प्रमाण २०० व २३० यांच्याइतकेच आहे. दोहोंना साडेसातने भागले की हवे ते माप मिळते. दुसरी पायरी आकार लहान करण्याची, म्हणजे रिसाइझची. तिसरी पायरी जेपेग प्रकारात साठविताना दर्जा, म्हणजे क्वालिटी, ठरविण्याची. फाइल ५० के.बी.हून मोठी झाली तर दर्जा थोडा उतरवावा, २० के.बी.हून लहान झाली तर वाढवावा. किमान मर्यादाही पाळावयाची असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

सहीलाही हाच नियम लागू पडतो. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने सही करावी, तिचे छायाचित्र घ्यावे आणि १४०० × ६०० अशा प्रमाणात कातरून दहापट लहान करावे.

कोणते साधन घ्यावे?

विंडोज प्रणालीबरोबर येणारे पेंट हे सर्वांत जवळचे साधन होय. निवडलेल्या भागाचे माप त्याच्या तळपट्टीवर दिसते. कातरणे व आकार बदलणे ही दोन्ही कामे त्यात होतात. मात्र जेपेगचा दर्जा ठरविण्याची सोय त्यात नाही.

ती सोय इरफानव्ह्यू या छोट्या आज्ञावलीत आहे. बोस्नियात जन्मलेल्या इरफान स्किलजान यांनी १९९६ साली ती प्रसृत केली. खाजगी व शैक्षणिक वापरासाठी ती मोफत आहे. अन्य कार्यालयांनी तिचा परवाना आधी वाचून पाहावा.

गिम्प ही आज्ञावली याहून मोठी आहे. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी तिचा आरंभ केला. ती केवळ मोफत नव्हे, तर मुक्त आहे : शाळा, कार्यालय वा दुकान, कोणीही ती वापरावी व दुसऱ्यास द्यावी. तीत काम संपल्यावर ‘सेव्ह’ न करता ‘एक्स्पोर्ट’ करावे लागते; त्याच वेळी दर्जा बदलता येतो आणि पूर्वदृश्य चालू केल्यास के.बी.चा आकडाही दिसतो. भारत सरकारने २०१५ साली शासकीय कामात मुक्त आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले असल्याने ग्रामपंचायतींनीही तिचा विचार अवश्य करावा. केरळमधील शाळांत तर विद्यार्थी गिम्प पाठ्यक्रमातच शिकतात.

काही सावधगिरी

आज्ञावली नेहमी तिच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावी. ‘क्षणात फोटो लहान करा’ असे सांगणारी अनेक संकेतस्थळे आहेत. परंतु त्यांतील पुष्कळांवर छायाचित्र परक्या संगणकावर पाठवावे लागते. चेहरा आणि सही एकत्र अनोळखी हाती देणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देण्यासारखेच होय. आपल्याच संगणकावर काम केल्यास हा धोका टळतो.

व्हॉट्सअॅपवरून छायाचित्र मागविताना ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावे, अन्यथा त्याचे ठिपके वाटेतच कमी होतात. मूळ प्रत कधीही पुसू नये. मोठ्याचे लहान करता येते, लहानाचे पुन्हा स्पष्ट मोठे होत नाही. मापे भरतीगणिक बदलतात, म्हणून प्रत्येक सूचना नव्याने वाचावी. सामाईक संगणकावर काम झाल्यावर अर्जदाराची छायाचित्रे व सह्या पुसून टाकण्यासही विसरू नये.

गावाने काय करावे?

हे कौशल्य शिकण्यास एक संध्याकाळ पुरते. शिक्षकांनी वरच्या वर्गातील दोन-चार मुलामुलींना ते शिकवावे, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी कार्यालयातील संगणकावर आज्ञावली बसवून घ्यावी आणि सदस्यांनी आठवड्यातील एक ठरावीक वेळ अर्जदारांसाठी राखून ठेवावी. मापांचा एक तक्ता भिंतीवर लावला तरी अनेकांची खेप वाचेल. गुणवत्ता असूनही छायाचित्राच्या मापापायी अर्ज अडून राहावा, अशी वेळ आपल्या गावातील एकाही मुलामुलीवर येऊ नये. ते आपल्या हाती आहे आणि त्यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही.