खाणीच्या गावात उधारी किती द्यावी? संडूरच्या रस्त्याचा धडा

नवा बाजार शोधायचा तर कोठे जावे, असे आमच्या धंद्यातील तरुण नेहमी विचारतात. त्यांतील निम्मे तरी एखाद्या खाणीच्या नाहीतर कारखान्याच्या गावाचे नाव घेतात. तेथे पैसा खेळतो, असे त्यांचे म्हणणे असते. ते खोटे नाही. परंतु तो पैसा कोणाच्या खिशातून येतो आणि कोणत्या दिवशी येतो, हे विचारल्यावर सहसा उत्तर मिळत नाही. आम्हीही एके काळी ते विचारले नव्हते. त्याची किंमत काय पडली ते आज सांगावयाचे आहे.

आम्ही सोलापूरचे. चादर, टॉवेल आणि शाळेच्या गणवेशाचे कापड हा आमचा धंदा. कर्नाटकात बळ्ळारी जिल्ह्यात संडूर नावाचे लहानसे गाव आहे. त्याच्या चहूबाजूंच्या डोंगरांत लोखंडाचे आणि मँगनीजचे खनिज आहे. या गावाशी आमचे देणेघेणे १९९६ पासूनचे आहे.

प्रथम रस्ता समजून घ्यावा. सोलापुरातून विजापूर, हुनगुंद, कुष्टगी करीत दक्षिणेस उतरणारा महामार्ग होस्पेटला पोहोचतो. आमच्या वेळी त्याचा क्रमांक १३ होता. होस्पेटला तो दुसऱ्या एका महामार्गास मिळतो. हा दुसरा रस्ता म्हणजे जुना क्रमांक ६३. तो समुद्राकाठच्या अंकोल्याहून निघून हुबळी, गदग, कोप्पळ, होस्पेट, तोरणगल्लू, बळ्ळारी असा आंध्रातील गुत्तीपर्यंत जात असे. २०१० साली क्रमांक बदलले आणि होस्पेट-बळ्ळारीचा हा तुकडा ६७ क्रमांकात गेला. ट्रकवाले मात्र पुढे कित्येक वर्षे त्रेसष्टच म्हणत. संडूर या महामार्गावर नाही. होस्पेटहून साधारण तीस किलोमीटर डोंगरातून आत जावे लागते, आणि दुसरी वाट तोरणगल्लूकडून येते. खाणीतून निघालेला माल या आतल्या रस्त्यांनी महामार्गावर येतो आणि तेथून पश्चिमेच्या बंदरांकडे किंवा पूर्वेकडे फुटतो.

गुत्ती म्हटले की मराठी वाचकास मुरारराव घोरपडे आठवतील. संडूर हे त्याच घोरपडे घराण्याचे संस्थान होते आणि १९४९ साली ते विलीन झाले. म्हणूनच गावात मराठी बोलणारी घरे आहेत. पहिल्या फेरीत आम्हांस कानडी येत नव्हते तरी आमचे काम अडले नाही, ते यामुळे.

त्या काळी संडूर शांत होते. संडूर मँगनीज ही कंपनी १९५४ पासूनची, आणि सरकारी एन.एम.डी.सी.ची दोणिमलै येथील लोखंडाची खाण १९७७ पासूनची. कामगारांना महिन्याचा पगार ठरलेला. आमचे गिऱ्हाईक म्हणजे बाजारातील एक वयस्कर दुकानदार. आम्ही त्यांना काका म्हणत असू. ते पगाराच्या आठवड्यात वसुली करीत आणि पंधरा तारखेच्या आत आमची रक्कम धाडीत. आम्ही पंचेचाळीस दिवसांची मुदत देत होतो. सहा-सात वर्षांत ती एकदाही ओलांडली गेली नाही. नफा थोडा होता, पण झोप चांगली लागत असे.

२००३ च्या पुढे सारे बदलले. चीनमध्ये पोलादाची भूक वाढली, २००८ चे ऑलिम्पिक बीजिंगला होते, आणि खनिजाचा भाव चढत गेला. जो डोंगर पूर्वी पगार देत होता, तो आता भाडे देऊ लागला. शेतकऱ्यांनी जमिनी माल साठवण्यास दिल्या. ज्याच्याकडे बैलगाडी होती त्याने कर्ज काढून ट्रक घेतला. अंकोल्याजवळच्या बेलेकेरी बंदराकडे जाणाऱ्या ट्रकांच्या रांगा आम्ही पाहिल्या आहेत. होस्पेटहून निघून संडूरला जेवायला पोहोचू म्हणणारा माणूस संध्याकाळी पोहोचत असे. रस्ता फुटला होता, झाडांची पाने तांबडी झाली होती, आणि आमच्या गाठोड्यांवर दोन पदरी प्लॅस्टिक असूनही चादरीच्या घडीत लाल धूळ सापडत असे. पांढरा टॉवेल तेथे विकला जाईना. गर्द तपकिरी, हिरवा, निळा असा माल मात्र कमी पडू लागला. ट्रकमध्ये झोपणारे ड्रायव्हर आणि क्लीनर यांनी जितक्या चादरी घेतल्या, तितक्या त्या गावातील लग्नांनीही घेतल्या नसतील. खनिजावर झाकण्यासाठी ताडपत्रीची मागणी निघाली, तेव्हा आम्ही ताडपत्रीही ठेवू लागलो. टायर, वेल्डिंग, बॉडी बांधणे या कामांतील आपले कित्येक कारागीर बांधव त्या काळात तेथे गेले आणि त्यांनी चांगले कमावले.

येथे आमची चूक झाली. विक्री चौपट झाली म्हणून आम्ही मुदतही वाढविली. पंचेचाळीस दिवसांचे नव्वद केले. काकांखेरीज आणखी तीन दुकानांना माल देऊ लागलो. काका स्वतः कोणाला उधार देतात, हे आम्ही विचारले नाही. आपले गिऱ्हाईक खरे आहे, एवढ्यावर आम्ही निर्धास्त होतो.

इशारे मिळाले नाहीत असे नाही. २००८ च्या अखेरीस भाव पडला तेव्हा दोन महिने रांगा विरळ झाल्या. नंतर भाव सावरला आणि आम्ही ते विसरलो. जुलै २०१० मध्ये कर्नाटक सरकारने खनिजाची निर्यात बंद केली. त्या पावसाळ्यात रस्त्यावरचा एक टायरवाला आम्हांस म्हणाला, "सोलापूरवाले, मी आता रोखीशिवाय टायर चढवीत नाही. तुम्ही कशाच्या भरवशावर गठ्ठे उतरवता?" आम्ही हसून सोडून दिले. बंदी निर्यातीवर आहे, देशातील कारखाने माल घेणारच, असा आमचा हिशेब होता. टायरवाल्याचे शिक्षण चौथीपर्यंत आणि आमचे दहावीपर्यंत. पण रस्ता तो रोज वाचत होता.

२०११ साली ऑगस्टच्या आरंभी रमजान लागणार होता आणि मागोमाग दसरा होता. जुलैमध्ये आम्ही नेहमीच्या दुप्पट माल पाठविला, सगळा नव्वद दिवसांच्या मुदतीने. २७ जुलैला लोकायुक्त न्यायमूर्ती संतोष हेगडे यांचा बेकायदा खाणकामावरील अहवाल सरकारला सादर झाला, आणि २९ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने बळ्ळारी जिल्ह्यातील खाणकाम थांबविले. आमच्या शेवटच्या खेपेची बिल्टी तेव्हा काकांच्या हातीही पडली नव्हती.

चार दुकानांकडे मिळून आमचे चार लाख साठ हजार अडकले. ही रक्कम मोठ्या पेढीस किरकोळ वाटेल. पण तीत आमचे स्वतःचे मुद्दल थोडे आणि यंत्रमागवाल्यांचे देणे जास्त होते. ईद झाल्यावर ते दारात येऊ लागले. त्यांचाही दोष नव्हता, त्यांना सूत रोखीने घ्यावे लागते. घरातील दागिने मोडून आम्ही त्यांचे देणे भागविले. हे लिहिण्यास आज संकोच वाटत नाही. त्या वेळी मात्र भावालाही सांगितले नव्हते.

डिसेंबरात आम्ही संडूरला गेलो. होस्पेटपासूनचा रस्ता मोकळा होता, आणि मोकळा रस्ता इतका भयाण वाटू शकतो हे तेव्हा कळले. शेतांत ट्रक उभे होते, कित्येक कर्ज देणाऱ्यांनी ओढून नेले होते. चार दुकानांपैकी दोनांना कुलूप. काका दुकानात बसून होते. त्यांनी काही न बोलता उधारीची वही आमच्यासमोर सरकविली. त्रेसष्ट नावे होती. आम्ही एकेका नावापुढे विचारीत गेलो, हा काय करतो? ट्रकमालक, ड्रायव्हर, धाबेवाला, क्लीनर, वजनकाट्यावरचा माणूस, जमीन भाड्याने दिलेला शेतकरी. पगारदार नऊ निघाले. त्या नवांची बाकी जवळजवळ फिटली होती.

काका म्हणाले, "माल परत न्या, पैसे होतील तसे देईन." माल आम्ही परत आणला, धूळ झटकून सोलापुरात पडेल भावाने विकला. काकांनी पुढील तीन वर्षांत आपली बाकी पुरी केली. बंद दुकानांकडचे पावणेदोन लाख गेले ते गेलेच.

तेव्हापासून आम्ही खाणीच्या गावातील पैसा दोन पिशव्यांत मोजतो. एक पिशवी पगाराची. ती महिन्याने भरते, लहान असते, आणि खाण मंदावली तरी लगेच रिकामी होत नाही. दुसरी भाड्याची. ती रोज भरते, फुगलेली दिसते, आणि एका हुकुमाने किंवा परदेशातील भावाने एका रात्रीत रिकामी होते. दुकानदार खरा असला तरी तो या दोन पिशव्यांमधूनच आपले पैसे देणार आहे. म्हणून नवा दुकानदार उधार मागतो तेव्हा आम्ही त्याची वही पाहावयास मागतो. ज्याला दाखविण्यात कमीपणा वाटतो, त्याला माल रोखीने. पगारदार गिऱ्हाइकांची बाकी जेवढी असेल तेवढीच आमची उधारी, आणि मुदत दोन पगारांपलीकडे नाही. सणाच्या मालाला ही मुदत वाढत नाही; उलट तेथेच ती अधिक जपावी लागते.

याचा पडताळा पुढे आला. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारशी भाडेपट्ट्याच्या अटींवरून वाद होऊन दोणिमलैची सरकारी खाण थांबली, ती फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा चालू झाली. या काळात कायम कामगारांकडील आमच्या दुकानदाराची वसुली रखडली नाही. कंत्राटी मजुरांची रखडली. तेव्हा पगार म्हटला तरी तो कोणता, हेही विचारावे.

आज परिस्थिती वेगळी आहे. एप्रिल २०१३ मध्ये न्यायालयाने कमी दोषी खाणी अटी घालून उघडू दिल्या, सर्वांत दोषी खाणींचे पट्टे रद्द केले, आणि वर्षाला किती खनिज काढावे याची मर्यादा ठरवून दिली. बळ्ळारीसाठी ती प्रथम २५० लाख टन होती, २०२२ साली ३५० लाख टन झाली. याचा अर्थ रस्त्यावर किती माल येऊ शकेल, याचा अंदाज व्यापाऱ्यास आता आधी बांधता येतो. पूर्वी तो कोणालाच बांधता येत नव्हता. परंतु सगळा माल रस्त्यावर येईलच असे नाही. तोरणगल्लूच्या जिंदाल पोलाद कारखान्याने खाणीकडून कारखान्यापर्यंत सुमारे २४ किलोमीटर लांबीचा बंद पट्टा टाकला आहे, आणि त्यावरून खनिज नळीतल्यासारखे जाते. धूळ कमी झाली, गावकऱ्यांची फुप्फुसे वाचली, हे चांगलेच. पण पट्ट्याला टायर लागत नाही, ताडपत्री लागत नाही आणि तो चादर घेऊन झोपत नाही. गॅरेज टाकण्यासाठी तिकडे जाऊ पाहणाऱ्या बांधवांनी हे आधी डोळ्यांनी पाहून यावे.

उलट खनिजावर न चालणारी कामे तेथे आहेत, त्यांकडे आपले लक्ष कमी जाते. संडूरच्या लंबाणी बायकांचे भरतकाम घ्या. संडूर कुशल कला केंद्र ही संस्था १९८४ पासून ते काम करून घेते. त्याला भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली आहे, आणि २०२३ मध्ये हंपीला जी-२० ची बैठक झाली तेव्हा या कामाचे मोठे प्रदर्शन भरले होते. खाणी बंद होत्या त्या वर्षांतही सुई चालू होती. या कामाला पक्क्या रंगाचे सुती कापड लागते. बळ्ळारी शहरात जीन्स शिवणाऱ्यांचा मोठा धंदा आहे; पहिल्या महायुद्धाच्या सुमारास महाराष्ट्रातून गेलेल्या शिंपी कुटुंबांनी त्याचा पाया घातला असे तेथे सांगतात. अस्तर, खिशाचे कापड, दोरा, चेन यांचा व्यापार करणाऱ्यास संडूरपेक्षा बळ्ळारी बरी.

काका आता नाहीत. दुकान त्यांचा मुलगा पाहतो आणि आम्हांस चाचा म्हणतो. मागील वर्षी त्याने ट्रकवाल्यांसाठी दोनशे चादरी उधार मागितल्या. आम्ही साठ दिल्या, बाकीच्या रोखीने घे म्हणालो. तो थोडा रुसला, मग पंचवीस रोखीने घेतल्या.

कोणास प्रथमच जावयाचे असेल तर महिन्याच्या सात तारखेनंतर जावे, होस्पेटला मुक्काम करून सकाळी लवकर आत निघावे, आणि पहिल्या खेपेत पांढरा माल नेऊ नये.