आश्विनाच्या उन्हात थंडीची तयारी

पावसाळा उलटला म्हणजे नाशिक जिल्ह्यात आश्विनाचे ऊन कडक तापते. अंगाची लाही होत असता थंडीची गोष्ट काढणे पुष्कळांस विचित्र वाटेल. तथापि घर थंडीकरिता सिद्ध करण्याचा काळ हाच होय. ह्या कामास मुख्य साधन लागते ते कोरडे ऊन, आणि ते ह्याच दिवसांत विपुल व फुकट मिळते.

प्रथम आपल्याकडील थंडीचे कारण समजून घेऊ. हा प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. पाऊस गेल्यावर आकाश निरभ्र व हवा कोरडी होते. दिवसा जमिनीने घेतलेली उष्णता, वर ढगांचे पांघरूण नसल्यामुळे, रात्री झपाट्याने निघून जाते. शिवाय थंड हवा जड असते व सखल जागी साचते. म्हणूनच गोदाकाठच्या निफाड तालुक्यात गारठा अधिक असतो. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तेथे पारा २ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरला होता.

द्राक्षबागाईतदार हे चांगले जाणतो. ऑक्टोबरात छाटणी करतानाच तो पौषातील रात्रींचा विचार करतो. कडाका पडला की तो बागेत शेकोट्या पेटवतो, पहाटे ठिबकने पाणी सोडतो, आणि घड तडकू नयेत म्हणून रात्रभर जागतो. हे योग्यच आहे. परंतु आम्ही वाचकांस एक विचारू इच्छितो. घडांकरिता जी दूरदृष्टी, तीच पडवीत निजणाऱ्या म्हाताऱ्या आईकरिता असते काय? घरातील सर्वांत दुर्बळ मनुष्यास थंडी आधी गाठते. यास्तव तयारीचा आरंभ त्याच्यापासून करावा. ह्या पाठाचे सार एवढेच आहे.

पहिली गोष्ट, अंथरूण-पांघरूण. गोधडी स्वतः उष्णता उत्पन्न करीत नाही. तिच्या थरांत अडकलेली कोरडी हवा आपल्या अंगाची ऊब राखते. पावसाळ्यात दमट झालेली गोधडी कितीही जाड असली तरी निरुपयोगी. म्हणून सर्व गोधड्या, घोंगड्या व रजया धुवून, झटकून, दोन्ही बाजूंनी कडक उन्हात वाळवाव्या. रजईतील कापसाचे गोळे झाले असतील तर तो पिंजून घ्यावा. पांघरुणाइतकेच खालचे अंथरूणही महत्त्वाचे आहे. थंड फरशीवर निजणाऱ्याची ऊब जमीन शोषून घेते. त्याच्याखाली जाड सतरंजी, पोती किंवा वाळलेला पेंढा घालावा.

दुसरी गोष्ट, भिंती व छप्पर. कुडाच्या व मातीच्या भिंतींस पावसात पडलेल्या भेगा आताच लिंपाव्या, म्हणजे लिंपण नीट वाळेल. उत्तरेकडील झरोक्यास गोणपाटाचा पडदा लावावा. पत्र्याचे छप्पर रात्री फार थंड होते व त्याच्या आतील अंगास दव धरून थेंब गळतात. त्याखाली बांबूचा तट्ट्या किंवा जाड कापड ताणून बांधावे. गोठ्यात वासरांखाली कोरडा पाचोळा पसरावा. मात्र घरात वरच्या अंगास हवा खेळण्याची एक वाट मोकळी ठेवलीच पाहिजे. तिचे कारण पुढे सांगतो.

तिसरी गोष्ट, शेगडी. ह्या विषयी आम्हांस फार कळकळीने सांगावयाचे आहे. दारे-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजणे म्हणजे मृत्यूस घरात घेणे होय. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्यास रंग नाही, वासही नाही. तो रक्तास प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो व प्राणवायूची जागा घेतो. निजलेला मनुष्य जागा न होताच मरतो. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही, असे समजू नये. लाल फुललेला निखाराही हा वायू सोडतो. बाळंतिणीच्या बंद खोलीत शेक-शेगडी ठेवण्याची चाल अद्याप कित्येक घरी आहे. तेथे तर दोन जीव धोक्यात असतात. शेकावयाचे ते अंगणात शेकावे, आणि निजण्यापूर्वी शेगडी घराबाहेर काढावी.

मग तान्ह्या मुलास ऊब कशी द्यावी? आईच्या उघड्या छातीशी, कातडीस कातडी लावून, वरून दोघांवर पांघरूण घालून. कोलंबिया देशातील बोगोटा येथे १९७८ साली अपुऱ्या दिवसांच्या बालकांकरिता ही रीत सुरू झाली, आणि आता जागतिक आरोग्य संघटनाही तिची शिफारस करते. जन्मल्यावर निदान २४ तास मुलास न्हाऊ घालू नये, असेही ती संघटना सांगते. लहान मुलाच्या डोक्यावाटे पुष्कळ ऊब जाते, म्हणून टोपडे आताच शिवून ठेवावे.

वृद्धांविषयी हे ध्यानात असावे की थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो व हृदयावर ताण पडतो. ज्यांस रक्तदाबाचा किंवा दम्याचा विकार आहे त्यांस थंडीपूर्वीच दवाखान्यात दाखवून औषधे आणून ठेवावी. त्यांनी ऊन वर आल्याशिवाय फिरावयास जाऊ नये. त्यांचे अंथरूण पडवीतून आतल्या खोलीत घ्यावे. ज्यांस विजेच्या वेळेमुळे रात्री गव्हा-कांद्यास पाणी भरावे लागते, त्यांनी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट व कोरड्या कपड्यांचा एक जोड आताच जवळ करावा.

शेवटी, आपले घर आपल्या उंबरठ्यापाशी संपत नाही. पेठ व सुरगाणा येथील आदिवासी कुटुंबे निफाड-दिंडोरीच्या बागांत कामास येतात. त्यांतील पुष्कळांची वस्ती बांधावरच्या पालांत किंवा पत्र्याच्या शेडात असते. ज्यांच्या हातांनी आपले घड राखले जातात त्यांची मुले गारठ्यात कुडकुडत असतील, तर आपली तयारी अपुरी राहिली असे समजावे. गोधड्या उन्हात घालताना एक अधिकची बाजूला काढावी, आणि ती पौषात नव्हे, ते कामास येतील त्याच दिवशी द्यावी.

घरी एकत्र बसून विचार करण्याकरिता प्रश्न :

१. आपल्या घरी सर्वांत दुर्बळ कोण आहे, व ते कोठे निजतात?

२. आपल्या निजण्याच्या खोलीत हवेची कोणती वाट रात्री मोकळी राहते?

३. आपल्या शिवारात थंडीत कोण उघड्यावर राहते? त्यांच्याकरिता आपण ह्या आठवड्यात काय बाजूला काढणार?