कासवाचं पाणी

पोरी, टाकीतलं पाणी नितळ दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नकोस. माझी सगळी नोकरी शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत गेली आणि घरात लाल कानाचं कासवही बरीच वर्षं आहे. दोन्हीकडे एकच पाहिलं: पाण्याला खरं बिघडवणारं जे असतं, ते डोळ्यांना दिसत नाही. कासवाची घाण आणि कुजलेलं खाणं यांतून अमोनिया तयार होतो. त्याला रंग नसतो. वास येईपर्यंत कासवाच्या डोळ्यांना आणि कातडीला त्याचा त्रास सुरू झालेला असतो. उन्हाळ्यात पाणी तापलं की तो आणखी जहाल होतो.

या अमोनियाचा बंदोबस्त तू करत नाहीस, जिवाणू करतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन विषारी. नायट्रेट त्या मानाने सौम्य असतं, पाणी बदललं की निघून जातं. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते फिल्टरच्या स्पंजात आणि काचेवरच्या बुळबुळीत थरात वस्ती करून असतात. म्हणून दर रविवारी टाकी मोरीत नेऊन साबणाने लख्ख घासणाऱ्यांचंच पाणी चार दिवसांत पांढुरकं होतं. त्यांनी घाणीबरोबर सफाई करणारेही धुऊन टाकलेले असतात. साबण, फिनेल, ब्लीचिंग यांतलं काहीही टाकीजवळ आणू नकोस.

नव्या टाकीत ही वस्ती जमायला 4 ते 6 आठवडे लागतात. कुणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजाचा एक तुकडा मागून आण आणि आपल्या फिल्टरमध्ये घाल. विरजण लावतो तसंच हे. तुकडा ओला ठेवून त्याच दिवशी घाल, वाळला तर उपयोग नाही. वस्ती जमेपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं पाणी बदलत राहा. पाणी तपासायचं किट मत्स्यालयाच्या दुकानात मिळतं, ते घेच. अमोनिया आणि नायट्राइट शून्य यायला हवेत, नायट्रेट 40 पीपीएमच्या खाली.

आता खाणं. माझ्या मते निम्मी घाण खाण्याच्या वेळीच थोपवता येते. कासवाला तोंडात पाणी असल्याशिवाय घास गिळता येत नाही, म्हणून त्याला पाण्यातच खायला द्यावं लागतं. पण ते पाणी टाकीचंच असलं पाहिजे असं कुठे आहे? प्लास्टिकचा एक टब त्याच्यासाठी वेगळा ठेव. टाकीतलंच पाणी त्यात त्याची पाठ बुडेल इतकं घे आणि कासव त्यात सोड. ते कसं खातं ते एकदा बघ. गोळी तोंडात धरून पुढच्या पायाच्या नखांनी ओढतं, तुकडे करतं, निम्मा भुगा आजूबाजूला पसरतो आणि पाण्यावर तेलकट तवंग येतो. हे सगळं टाकीत झालं असतं. खाऊन झाल्यावर लगेच उचलू नकोस, वीस-पंचवीस मिनिटं तिथेच राहू दे. पुष्कळदा ते तिथेच शी करतं. मग टबातलं पाणी संडासात ओतून दे.

गोळ्या किती? त्याच्या डोक्याएवढा ढीग होईल इतक्या. पिल्लाला रोज, मोठ्याला दिवसाआड. मध्ये किसलेलं गाजर, भोपळा, हिरवा पाला. डब्यातले सुके झिंगे त्याला फार आवडतात, पण त्यात पोषण कमी आणि पाणी नासवण्याची ताकद मोठी. घरातली सुकट तर नकोच, तिच्यात मीठ असतं.

टाकीच्या तळाला बारीक खडे पसरू नकोस. दिसायला छान दिसतात, पण कासव ते गिळतं आणि खड्यांच्या फटीत घाण कुजत राहते. तळ उघडा असला की काय साचलंय ते दिसतं आणि नळीने ओढून घेता येतं.

पाणी आठवड्याला पाव ते एक तृतीयांश बदल, सगळं कधीच नको. आधी फिल्टर आणि हीटरचं बटण बंद कर, प्लग काढ, मगच हात पाण्यात घाल. ही सवय मोडायची नाही. सायफनची नळी तोंडाने ओढू नकोस. कासवाच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो आणि तो पोटात गेला की जुलाब, ताप. याच कारणाने अमेरिकेत 1975 मध्ये चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आली; लहान मुलं ती तोंडात घालायची. नळी टाकीत पूर्ण बुडवून भरून घे, एक टोक अंगठ्याने दाबून बाहेर काढ आणि खाली बादलीत सोड, पाणी आपोआप येतं. स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये यातलं काही ओतू नकोस, की तिथे धुऊ नकोस. हात साबणाने धू. घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर त्याला कासव हाताळू देऊ नकोस.

त्याच बादलीतल्या, टाकीतून काढलेल्या पाण्यात फिल्टरचा स्पंज दोन-तीनदा दाबून काढायचा. पाणी तपकिरी होईल, स्पंज मात्र डागाळलेलाच राहील. तो तसाच परत बसव. नळाखाली धरून पांढरा करायच्या मोहात पडू नकोस, नळाच्या पाण्यात क्लोरीन मुळात जिवाणू मारायलाच घातलेलं असतं. नवं पाणीही आदल्या दिवशी रुंद तोंडाच्या बादलीत भरून चोवीस तास उघडं ठेव, म्हणजे क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर क्लोरीन काढायचे थेंब मिळतात. पाणी टाकीत ओतताना दोन्हींचं तापमान सारखं हवं, साधारण 24 ते 28 अंश.

फिल्टर घेताना दुकानदार टाकीच्या लिटरवरून दाखवेल. ते आकडे माशांसाठी असतात. कासव त्याच मापाच्या माशांपेक्षा कितीतरी जास्त घाण करतं, म्हणून तुझ्या टाकीच्या दुप्पट-तिप्पट पाण्यासाठी असलेला फिल्टर घे. टाकीही मोठी हवी. कवचाच्या दर सेंटिमीटरला 15 लिटर पाणी धर, म्हणजे 20 सेंटिमीटरच्या कासवाला 300 लिटर. पाणी जितकं जास्त तितका अमोनिया विरळ, आणि तुझी दमछाकही कमी.

वीज गेली आणि तासाभराने आली तर काळजी नाही. चार-पाच तास गेली असेल तर बंद डब्याच्या फिल्टरमधला ऑक्सिजन संपतो, जिवाणू मरू लागतात, आणि वीज येताच ते सडलेलं पाणी थेट टाकीत येतं. म्हणून वीज गेली की फिल्टरचा प्लग काढून ठेव. आल्यावर डबा उघड, आतलं पाणी फेक, स्पंज टाकीच्या पाण्यात खळबळून घे आणि मग सुरू कर.

पावसाळ्यात नळाला गढूळ आलं तर पिंपात निवळू दे आणि वरचं पाणी घे. तुरटी फिरवू नकोस. तुरटी पाण्यातली क्षारता खाते, आणि आपल्या जिवाणूंनाही तीच लागते. उन्हाळ्यात पातळी खाली जाते तेव्हा नुसती भर घातली म्हणजे पाणी बदललं असं होत नाही. वाफ होऊन पाणी जातं, घाण आणि क्षार खालीच राहतात. आणि टाकी खिडकीच्या थेट उन्हात ठेवू नकोस, हिरवं शेवाळ आवरणार नाही. ऊन कासवाला हवंच, पण कोरड्या ओट्यावर, यूव्हीबी दिव्याखाली. अंग पूर्ण कोरडं करता आलं नाही तर कितीही स्वच्छ पाण्यात कवच कुजतं.

एक गोष्ट मनापासून सांगते. हे कासव रुपयाएवढं असताना घरी येतं आणि मादी असेल तर पाव मीटरच्याही पुढे वाढते. जगतं वीस-तीस वर्षं. वासाला कंटाळून लोक ते तळ्यात सोडतात. कृपा करून तसं कधी करू नकोस. ते मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 परक्या जातींच्या आययूसीएनच्या यादीत त्याचं नाव आहे, आणि ते आपल्या देशी कासवांची जागा आणि खाणं बळकावतं. देशी कासव मात्र घरी आणायचंच नाही, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

बादलीतलं काढलेलं पाणी जास्वंदीला, मोगऱ्याला घाल. नायट्रेट म्हणजे झाडांचं खतच. कोथिंबीर, मेथी, पुदिना यांना नको, ती आपण कच्ची खातो.

गणपतीला गावी जाशील तेव्हा चार दिवस मोठं कासव न खाता आरामात राहतं. निघण्याच्या आदल्या दिवशी पाणी बदल, फिल्टर चालू ठेव, दिव्याला टायमर लाव. शेजाऱ्यांवर सोपवायचंच असेल तर गोळ्यांच्या मोजून पुड्या करून दे, प्रत्येकीवर वार लिही आणि उरलेला डबा कपाटात बंद कर. प्रेमाने जास्त घालणारेच शेजारी असतात, आणि परत आल्यावर पाणी तुलाच काढावं लागतं.