फादरकडे कशाला, थेट देवाशीच बोल ना!

आजचं वाचन : योहान 20:19-31 (दैवी करुणेचा रविवार)



ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी एक मैत्रीण प्रार्थना-फेलोशिपला जाते. बायबल तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे, हे आधीच कबूल करते. गेल्या महिन्यात डबा खाताना ती म्हणाली, "अगं, देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू. पौलाने तीमथ्याला लिहिलंय. मग तुम्ही त्या खोक्यात बसलेल्या माणसाला पापं का सांगता?"

मी हसून विषय बदलला. कारण तिचा प्रश्न मला सोयीचाच होता. चार वर्षं मी पापनिवेदनाला गेले नव्हते आणि स्वतःला हेच सांगत होते, की माझं देवाशी थेट चालू आहे.

तर आधी प्रश्नाकडे. आजच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित येशू बंद दारांआड बसलेल्या शिष्यांमध्ये येतो, त्यांना शांती देतो, पित्याने मला पाठवलं तसं मी तुम्हाला पाठवतो म्हणतो आणि त्यांच्यावर श्वास फुंकतो. मग सांगतो, तुम्ही ज्यांच्या पापांची क्षमा कराल त्यांना ती मिळेल, ज्यांची ठेवाल त्यांची राहतील. सावकाश वाचा. इथे दोन गोष्टी त्यांच्या हाती दिल्यात, क्षमा करणं आणि न करणं. आता समोरच्याने तोंडच उघडलं नाही, तर कोणती करायची हे शिष्यांना कळणार कसं? पाप सांगणं या अधिकाराच्या पोटातच आहे.

मार्कच्या दुसऱ्या अध्यायात शास्त्री मनात हेच म्हणत होते, की देवाशिवाय पापांची क्षमा कोण करू शकतो? बरोबरच होतं त्यांचं. पण मत्तय हीच गोष्ट सांगताना शेवटी म्हणतो, की देवाने असा अधिकार माणसांना दिला म्हणून लोकांनी त्याचा गौरव केला. माणसांना. अनेकवचन आहे.

आणि मध्यस्थ? एकच, वादच नाही. पण माझ्या मैत्रिणीचा बाप्तिस्मा तिच्या पास्टरने केला, तिने स्वतःच स्वतःचा करून घेतला नाही. म्हणून काही पास्टर दुसरा मध्यस्थ होत नाही. धुतो ख्रिस्तच, हात माणसाचे. कन्फेशनमध्येही तेच.

"हे सगळं 1215 साली काढलं" असंही ऐकायला मिळतं. त्या वर्षीच्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून निदान एकदा तरी पापनिवेदन करावं असा नियम केला, एवढंच. प्रायश्चित्त त्याच्या कितीतरी आधीचं आहे, आणि सुरुवातीच्या शतकांत ते फारच कडक होतं. मोठ्या पापासाठी सगळ्या मंडळीला दिसेल असं, कधी कधी वर्षानुवर्षं चालणारं. खासगीत, पुन्हा पुन्हा करता येणारी पद्धत पुढे आयरिश मठवाश्यांनी युरोपभर नेली. आपल्याला सोपंच मिळालंय म्हणायचं!

फादरही पापीच असतात ना? असतातच. पोपसुद्धा कन्फेशनला जातात. मार्च 2014 मध्ये पोप फ्रान्सिस सेंट पीटर्समध्ये सगळ्यांसमोर एका धर्मगुरूपुढे गुडघे टेकून बसले होते.

मैत्रिणीचं एक म्हणणं मात्र मी मानते. थेट प्रार्थनेत क्षमा नाहीच, असं ख्रिस्तसभा शिकवत नाही. मनापासूनचा पश्चात्ताप देव तिथल्या तिथे ऐकतो. आणि शनिवारी कन्फेशन, सोमवारी तेच उद्योग, ही थट्टा आपणच ओढवून घेतलेली आहे. पुन्हा न करण्याचा निर्धार नसेल तर फादरांच्या शब्दांनी जादू होत नाही.

आता माझं. आजी गेली त्या आठवड्यात तिने मला तीनदा फोन केला होता. डेडलाइन होती, मी उचलला नाही. नंतर करते म्हटलं. चार वर्षं रोज रात्री मी "प्रभू, माफ कर" म्हणत होते, आणि रोज स्वतःच उत्तर देत होते. कधी "काय एवढं, सगळेच बिझी असतात", तर कधी "तुला माफी नाहीच." दोन्ही वेळी आवाज माझाच. न्यायाधीश मीच, वकील मीच, आरोपीही मीच.

पवित्र आठवड्यात आमच्या चर्चमध्ये आजूबाजूचे फादर कन्फेशनला बसले होते. रांगेत उभी राहिले, दोनदा बाहेर पडले, पुन्हा आले. जाळीपुढे पहिलं वाक्य बोलायला किती वेळ लागला ठाऊक नाही. फादर घाई करत नव्हते. मी सांगून संपवल्यावर त्यांनी एकच विचारलं, "आजीच्या पिढीतलं आता कोण आहे?" आजीची धाकटी बहीण आहे, वसईला, एकटी. दर रविवारी तिला फोन करायचा, हे माझं प्रायश्चित्त. मग पापमुक्तीचे शब्द. पहिल्यांदाच ते वाक्य माझ्या आवाजात नव्हतं.

मैत्रिणीला सोमवारी हे सगळं सांगितलं. तिला पटलं नाही. पण आजीबद्दल तिने बराच वेळ विचारलं.

आज बऱ्याच ठिकाणी मिस्सेआधी फादर कन्फेशनला बसतील. पश्चात्तापाची प्रार्थना विसरला असाल तर तसं सरळ सांगा, ते सांगतील. मला सांगितली. आणि हे पोस्ट टाकून मी आता मावशीआजीला फोन लावतेय, ती मिस्सेहून आली असेल.